पालकाची सही

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत नाशिकच्या एका अध्यापक महाविद्यालयाचे विद्यार्थी पंधरा दिवसांसाठी आमच्या वणीच्या शाळेत पाठ घ्यायला आले होते. बी.एड.ला प्रत्येकाला एका मुलाचा ‘व्यक्ती अभ्यास’ करावा लागतो. अडचणीतलं एखादं मूल निवडायचं, त्याची माहिती गोळा करायची, त्याच्या वागण्याचं कारण शोधायचं आणि वही भरायची. त्यांच्यातल्या एका विद्यार्थिनीनं माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी निवडली होती. वर्गात तोंड न उघडणारी, अंगठा चोखणारी, एवढी मोठी होऊनही अंथरूण ओलं करणारी. वर्गशिक्षक म्हणून माझी सही हवी होती, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली.

मी पानं उलटली. कारणमीमांसेच्या पानावर लाल शाईनं अधोरेखित केलेलं एक वाक्य होतं : ‘मातेने शौचाबाबत अवलंबिलेली कठोर, वेळापत्रकी शिस्त हेच बालिकेच्या वर्तनसमस्येचे मूळ होय.’

मी तिला विचारलं, या मुलीच्या घरी संडास आहे का. ती म्हणाली, नाही, त्यांच्या वस्तीत कोणाकडेच नाही. आई काय करते? देवीच्या गडाच्या पायथ्याशी नारळ आणि ओटीचं सामान विकते, उजाडायच्या आत घरातून निघते. मग ही शिस्त ती लावते कधी? विद्यार्थिनी गडबडली आणि मग खरं काय ते सांगून मोकळी झाली.

“सर, अंथरुणाची केस असली की हेच लिहायचं असतं. आमच्याकडे कपाटात एक आदर्श वही आहे. सगळे त्यातूनच घेतात.”

ते वाक्य माझं होतं. ‘वेळापत्रकी’ हा शब्दही माझाच. मीच तो बनवला होता आणि तेव्हा मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. तीन वर्षांपूर्वी मी ते वाक्य माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल लिहिलं होतं. आता ते नारळ विकणाऱ्या एका बाईला चिकटलं होतं, आणि मधल्या वर्षांत आणखी किती जणींना चिकटलं असेल ते मला कधीच कळणार नव्हतं. एवढं सगळं ध्यानात येऊनही मी त्या वहीवर सही केली. पोरगी घाईत होती आणि बाहेर तिच्या मैत्रिणी थांबल्या होत्या.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साली त्याच कॉलेजात बी.एड. करताना मी सातपूरला ताईकडे राहत होतो. ताई माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. मी दोन वर्षांचा असताना आई गेली आणि मला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं ताईनंच केलं. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती माझ्यामुळे. मला जी काही शिस्त लागली ती तिच्याच हातची. पुढे तिच्या शिस्तीवर निवाडा देताना हे माझ्या मनात आलं नाही.

दाजी एका कारखान्यात होते, बहुतेक रात्रपाळीला. सकाळी आठला यायचे, जेवून झोपायचे ते दुपारी साडेतीनपर्यंत. चाळीतल्या दोन खोल्या. तेवढ्या वेळात घरात भांडं वाजायचं नाही, रेडिओ लागायचा नाही. ताई भाजी निवडायलासुद्धा बाहेर ओट्यावर बसायची. दाजी आरडाओरडा करणारे नव्हते. दारू नाही, पत्ते नाहीत. चाळीतले लोक त्यांचं उदाहरण द्यायचे. पण झोपमोड झाली की ते उठायचे, मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, दंडाला धरून चाळीच्या मागे न्यायचे आणि सार्वजनिक संडासात घालून बाहेरून कडी लावायचे. आत डुकरं शिरू नयेत म्हणून त्या पत्र्याच्या दारांना बाहेरूनही कड्या होत्या. दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. मग ते येऊन पुन्हा झोपायचे. कडी काढायची परवानगी नव्हती. ताई दाराशी उभी राहून, पत्र्याला तोंड लावून आत बोलत राहायची. तेही हळू, पुन्हा आवाज व्हायला नको म्हणून.

हे मी तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा मी ओट्यावर बसून पाठाचं टाचण काढत होतो.

भाची सहा वर्षांची होती. ती त्या संडासात जायलाच तयार नसायची. दोन-दोन दिवस तशीच राहायची, आणि अंथरूण मात्र रोज ओलं. ताईनं त्यावर मार्ग काढला होता. दाजी यायच्या आधी, सहा वाजता, ती मुलीला उठवून मागे न्यायची, दार सताड उघडं ठेवायची आणि समोर उकिडवी बसून गोष्ट सांगत राहायची. बाप घरात यायच्या आत पोरीचं उरकलेलं असावं, एवढाच तिचा हेतू. रोज सहा म्हणजे सहा. हेच ते माझं वेळापत्रक.

कॉलेजात त्याच महिन्यांत व्यक्तिमत्त्वाचा विकास हा भाग चालू होता. व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांनी मांडलेला सिद्धांत. मनाचे तीन भाग, इदम्, अहम् आणि पराहम्. बालपणाच्या अवस्था, मुखावस्था, गुदावस्था आणि पुढच्या. एखाद्या अवस्थेत लाड फार झाले किंवा धाक फार झाला तर माणूस मनानं तिथेच अडकतो आणि जन्मभर हट्टी, चिक्कू, संशयी होऊन बसतो. ‘गुदावस्था’ म्हणताना सर छताच्या पंख्याकडे बघायचे, मुली वहीत डोकं घालायच्या आणि मागच्या बाकावर कोणीतरी हमखास खोकायचं. मी मात्र भारावून गेलो होतो. माणूस असा का वागतो याला उत्तर असतं, असं मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं.

त्या नोट्समध्ये बाप नव्हता. म्हणजे होता, पण मुलग्यांच्या संदर्भात, अर्ध्या पानापुरता. नंतर मी त्या सिद्धांताबद्दल स्वतः थोडंफार वाचलं तेव्हा कळलं की तिथे बापाच्या धाकाला केवढी जागा आहे. पराहम् म्हणजे बऱ्याच अंशी मनात ठाण मांडून बसलेला बापच. मूळ सिद्धांत सगळा खरा आहे असं मला म्हणायचं नाही, त्यातही बायकांविषयी संताप यावा असं पुष्कळ आहे. पण आमच्या वहीपर्यंत येताना त्यातला बाप गळून पडला होता. सरांनी गाळला, त्यांच्या सरांनी गाळला की गाईड लिहिणाऱ्यानं, ठाऊक नाही. व्हिएन्नापासून नाशिकपर्यंत एवढ्या लांबच्या प्रवासात सांडायचं तर नेमकं तेवढंच का सांडावं?

व्यक्ती अभ्यासाचा नमुना छापील होता. त्यात वडिलांसाठी पाच ओळी होत्या. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्न. आईसाठी दोन पानं. गरोदरपणात मनःस्थिती कशी होती, अंगावरचं दूध कधी तोडलं, शौचाची सवय कोणत्या वयात लावली, कशी लावली, मूल ऐकत नसेल तर काय करता, स्वभाव तापट आहे का. ज्याचं उत्तर देताना बापाला मान खाली घालावी लागेल असा एकही प्रश्न त्या नमुन्यात नव्हता. आणि कारणमीमांसेबद्दल सरांनी बजावलं होतं की कारण सापडलं नाही असं कोणीही लिहायचं नाही. कारण सापडलं नाही याचा अर्थ तुम्ही आईला नीट विचारलं नाही.

मी अभ्यासासाठी भाचीलाच निवडलं होतं, आणि ताईला नीट विचारलं. ती पोळ्या लाटत होती, मी समोर पाटावर वही घेऊन बसलो होतो. ती प्रत्येक प्रश्नाला आठवून, थांबून, प्रामाणिक उत्तर देत होती. काही चुकीचं सांगितलं तर माझा अभ्यास चुकेल अशी तिला काळजी. ऐकत नसली तर ओरडतेस का, असं मी विचारलं.

“कधीकधी ओरडते रे. घाई असते ना, हे यायच्या आत.”

मी लिहिलं, ‘माता ओरडते.’ पुढचे शब्द लिहिले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, “बरी होईल ना रे ती?” मी डॉक्टरसारखं काहीतरी शिकतोय अशी तिची समजूत होती. मी ती मोडली नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही. मी अडाणी नव्हतो आणि आंधळाही नव्हतो. पण वहीच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं, ‘पालकाची सही’. पालक म्हणजे बाप, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. कडीबद्दल एक ओळ लिहिली असती तर ती दाजींच्याच हातात द्यावी लागली असती, आणि मी त्यांच्या घरात जेवत होतो. म्हणून मी नोट्स उघडल्या. त्यात आई तयारच होती.

दोन पानं माहिती जिनं दिली तिला ती वही मी एकदाही दाखवली नाही. तिला वाचता येत होतं. चाळीतल्या निम्म्या बायकांची पत्रं तीच वाचून दाखवायची.

दुपारी दाजी उठून चहा पीत बसले असताना मी वही पुढे केली. मला वाटलं, न बघता सही करतील. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, ओळीखाली बोट ठेवून. मग ताईला आतून बोलावलं आणि ते वाक्य तिला दोनदा वाचून दाखवलं.

“हे मी नाही म्हणत. तुझा भाऊ म्हणतोय. कॉलेजात शिकवतात हे.”

ताईनं पदराला हात पुसले. ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून तिनं वाट पाहिली, आणि मग विचारलं, “मी काय केलं?”

मी म्हणालो की यात कोणाला दोष द्यायचा उद्देश नसतो, ही फक्त एक शास्त्रीय मांडणी असते. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो आहे. त्यात याच्याइतकं हलकट दुसरं काही नाही. दाजींनी शर्टाच्या खिशातलं पेन काढून सही केली.

आठवड्याच्या आत भाचीला सिन्नरला, दाजींच्या आईकडे पाठवलं. आईपाशी राहिली तर पोर बिघडेल असं शास्त्रातच लिहिलंय, हे दाजींनी चाळीत चार जणांना सांगितलं. ताईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, तर तोही तिच्या तापट स्वभावाचा पुरावा ठरला. कॉलेजात माझी वही वर्गापुढे वाचून दाखवली गेली. सर म्हणाले, घरातलं माणूस असूनही लेखकानं कसा तटस्थपणा राखलाय ते पाहा. पन्नासपैकी सेहेचाळीस गुण देऊन ती त्यांनी कपाटात ठेवली.

आणि सिन्नरला दीड महिन्यात अंथरूण कोरडं झालं. दाजी सुट्टीच्या दिवशी आईकडे जाऊन आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तुझं पुस्तक खरं निघालं बरं का.”

ही गोष्ट आठवली की अजूनही माझं डोकं भणाणतं. बाप दूर झाला म्हणून पोर बरी झाली होती. सगळ्यांनी ते आई दूर झाल्याच्या खात्यात टाकलं, आणि तिच्याविरुद्ध असा पुरावा उभा राहिला की तिनं तोंड उघडायची सोयच उरली नाही. आपल्यापासून लांब गेल्यावर आपलं मूल सुधारलं, हे तिनं तीन वर्षं ऐकलं. खरं कारण जाणणारा आणि ज्याचं ऐकून घेतलं गेलं असतं असा माणूस एकच होता. तो वणीला नोकरी लागली म्हणून ट्रंक भरत होता.

वणीच्या त्या वहीवर सही केल्यानंतरच्या आठवड्यात मी रजा काढून आधी कॉलेजात गेलो. सरांना सांगितलं, ती वही खोटी आहे, कपाटातून काढून टाका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, मुलीत सुधारणा झाली ना? मी हो म्हणालो. “मग निदान बरोबरच होतं,” ते म्हणाले. उगाच भावनेच्या भरात स्वतःचं चांगलं काम मोडू नये असा सल्लाही त्यांनी दिला आणि चहा मागवला. मी तो प्यायलोसुद्धा.

तिथून सातपूरला गेलो. दाजींची सुट्टी होती, ते सिन्नरला गेले होते. ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. काय पाहिलं होतं, काय लिहिलं नाही आणि का लिहिलं नाही. मी रडत होतो. ती खडे वेचत होती.

“मला सांगतोस काय?” ती म्हणाली. “तू तिथंच बसला होतास की. मी बघत होते तुला.”

मी विचारलं, मग तेव्हाच तू दाजींना का नाही म्हणालीस की तुझ्या भावानंही सगळं पाहिलंय?

“मी बोलले असते तर तुला हो नाही तर नाही म्हणावं लागलं असतं. तू नाही म्हणाला असतास. ते मला ऐकायचं नव्हतं.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “इथं रडून काय उपयोग? तिकडे चल आणि तिकडे बोल.”

आम्ही एस.टी.नं सिन्नरला गेलो. ताईच्या सासूबाई दोन शेजारणींबरोबर अंगणात विड्या वळत बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. भाची त्यांच्याशेजारी बसून वळलेल्या विड्यांना दोरा गुंडाळत होती. नऊ वर्षांची, वेणी घट्ट बांधलेली. आईला बघून ती हसली, पण उठली नाही. दाजी आतून खुर्ची घेऊन आले.

मी उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. म्हणालो, दाजी, वहीत लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही पोरीला संडासात कोंडायचात, ते मी तीनदा पाहिलं. ती त्यामुळे घाबरली होती. ताई तिला सांभाळत होती. मी ते उलटं करून लिहिलं.

शेजारणींचे हात थांबले. दाजी मला म्हणाले, “तेव्हा माझ्या घरात जेवत होतास. तेव्हा नाही आठवलं?”

“जेवत होतो म्हणूनच नाही बोललो.”

“असं? मग ही इथं येऊन बरी कशी झाली? ते सांग. तू शिकलेला आहेस.”

उत्तर माझ्या तोंडात होतं आणि तरीही मी अडखळलो. सासूबाईंनी मान वर केली नाही. विडीचं तोंड नखानं मुडपत त्या म्हणाल्या, “तू हितं नाय म्हून.”

दाजी आईकडे बघत राहिले.

“अकरा वरसांचा हुईस्तोर तूबी अंथरून भिजवायचा,” त्या पुढे म्हणाल्या. “तुझा बाप पट्टा घेऊन उठायचा. तवा कोनी वही केली नाय ते बरं झालं. नायतर माझंबी नाव लागलं आसतं.”

एक शेजारीण हसली आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. त्या क्षणी ते मला लहान दिसले, आणि मला त्यांची दया आली असती. पण मी ती येऊ दिली नाही. त्यांच्या बापाचा पट्टा त्यांच्या हातात कसा आला हे मला आज पानभर लिहिता येईल. तो सिद्धांत त्यासाठी कामी येतोही. पण दयेचा रकाना बापासाठी आणि दोषाचा आईसाठी, हे मी एकदा केलं होतं.

ताई मुलीसमोर बसली. घरी येतेस का, असं तिनं विचारलं. भाचीनं दोऱ्याचा फेरा पुरा केला, गाठ मारली, आणि मग आईलाच विचारलं, “बाबा दिवसा झोपतात का अजून?”

कंपनीची पाळी बदलणार नव्हती, खोल्या दोनाच्या तीन होणार नव्हत्या, आणि दाजींच्या हाताचा भरवसा द्यायला दाजीसुद्धा पुढे आले नाहीत. मुलगी काही हट्टानं नाही म्हणत नव्हती. तिनं फक्त एक माहिती विचारली होती.

ताई सासूकडे वळून म्हणाली, “आत्याबाई, मला एक सूप द्या.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि सरकून चटईवर जागा केली.

त्या दिवशी ताई परत आली नाही, त्या वर्षीही नाही. सातपूरच्या चाळीत बोललं गेलं ते एवढंच, की नवऱ्याला टाकून बाई निघून गेली. कडी लावणाऱ्याला घर सोडावं लागलं नाही. वही लिहिणाऱ्याची नोकरी गेली नाही. वही कपाटात ठेवणारे सर मानानं निवृत्त झाले. आपल्याच मुलीजवळ राहण्यासाठी जिला संसार गुंडाळून सासूच्या अंगणात विड्या वळायला बसावं लागलं, तिच्याबद्दल त्या छापील नमुन्यात दोन पानं भरलेली होती, आणि त्यातली एकही ओळ तिनं स्वतः लिहिलेली नव्हती.

मी निघालो तेव्हा तिला पान कापायला जमत नव्हतं. पान कडेनं फाटत होतं. भाचीनं तिच्या हातातली कात्री घेतली, मापाचा पत्रा पानावर दाबून धरला आणि कडेकडेनं कात्री फिरवून दाखवली. मग कात्री आईच्या हातात परत देऊन ती म्हणाली, “सावकाश काप. इथं कोणी झोपलेलं नसतं.”